ओळखीची ओवी, अनोळखी शब्द

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या दिशेला लागली की पहिले स्टेशन विठ्ठलवाडी. गावाच्या नावातच विठ्ठल असल्यामुळे इथे सप्ताह बसणे, पारायण होणे यात नवल काही नाही. आमच्या इमारतीशेजारच्या मंडपात मागे ज्ञानेश्वरीचे पारायण बसले, तेव्हा सुटीला आलेली माझी भाचीही हौसेने वाचायला बसली. मुलगी हुशार आहे, दहावीला मराठीत नव्वदच्या वर गुण मिळवलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोथी मिटून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, अक्षरं सगळी वाचता येतात. पण मी काय वाचतेय तेच कळत नाही."

शेजारी जुन्नरकडच्या एक आजी बसल्या होत्या. गळ्यात माळ, आणि शाळेशी संबंध नातवंडांना सोडायला-आणायला जाण्यापुरता. त्या म्हणाल्या, "वाच गं पुन्हा एकदा, मोठ्यानं वाच." भाचीने वाचले आणि आजींनी त्या ओवीचा अर्थ सरळ सांगून टाकला. मी नंतर घरी येऊन सार्थ प्रतीत पाहिले. आजी चुकल्या नव्हत्या.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, आनंद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. अभिजात म्हणजे जिच्यापाशी जुने आणि श्रेष्ठ साहित्य आहे अशी भाषा. पण ते साहित्य तिच्याच लेकरांना वाचता येत नसेल, तर त्या दर्जाचे करायचे काय? घरात आजोबांची पेटी आहे हे सर्वांना ठाऊक आहे, तिच्याबद्दल चारचौघांत अभिमानानेही बोलले जाते, पण तिची किल्ली कुठे ठेवली ते कोणाला आठवत नाही, असा हा प्रकार आहे.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. युरोपातल्या जर्मानिक भाषांच्या घराण्यात, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, आइसलँडिक यांच्यात, त्याची फार बोलकी उत्तरे सापडतात. इंग्रजीतले ‘बेओवुल्फ’ हे काव्य ज्या हस्तलिखितात टिकले आहे, ते सुमारे एक हजार वर्षांपूर्वीचे. आजच्या इंग्रज माणसासमोर ते ठेवले, तर ती परकी भाषा आहे असेच त्याला वाटेल. १०६६ साली नॉर्मन राजवट आली, फ्रेंच शब्दांचा लोंढा आला, विभक्तीचे प्रत्यय झडले आणि भाषेचे रूपच पालटले. चौदाव्या शतकातला चॉसर मात्र तळटीपांच्या आधाराने वाचता येतो. उलट आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या सागा, म्हणजे आपल्या ज्ञानदेवांच्याच शतकातल्या कथा, तिथली शिकली-सवरली माणसे आजही मूळ भाषेत वाचतात. त्यातही एक मेख आहे. बहुतेक वाचक त्या वाचतात त्या आजच्या लेखनपद्धतीत छापलेल्या. शिवाय उच्चार इतके बदलले आहेत, की सागा लिहिणारा समोर येऊन बोलू लागला तर ऐकणारा प्रथम गोंधळून जाईल.

या दोन टोकांच्या मध्ये मराठी कुठे उभी आहे? मला वाटते, ती इंग्रजीपेक्षा आइसलँडच्या बरीच जवळ आहे. पण आपण समजतो तितकी जवळ नाही.

आधी फार मागे जाऊन पाहू. आमच्या भागातून मुरबाडमार्गे घाटाकडे निघाले की वाटेत वैशाखरे गाव लागते आणि तिथून नाणेघाटाची चढण सुरू होते. कल्याण बंदरातला माल जुन्नरला नेणारी ही जुनी वाट. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. लिपी क्षणभर बाजूला ठेवली आणि कोणी तो देवनागरीत लिहून दिला, तरी त्याची प्राकृत भाषा आपल्याला समजत नाही. त्याच परंपरेतली महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथासप्तशती’ घ्या. ‘पोट्ट’, ‘तुप्प’, ‘चिक्खल्ल’ असे शब्द भेटले, की पोट, तूप आणि चिखल ओळखीचे हसतात. वाक्य मात्र हाती लागत नाही. गर्दीत दोन नातलग दिसावेत, पण लग्न कोणाचे ते कळू नये, तसे होते.

मग दगडावरची मराठी समजू लागते कधी? विठ्ठलवाडीहून दोन स्टेशने पुढे अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिरातला शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा लेख संस्कृतात आहे, त्यामुळे आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाचा काळ डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला आणि त्याला आद्य मराठी शिलालेखाचा मान दिला. आणि सर्वांच्या माहितीचा लेख म्हणजे कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेला. ‘श्री चावुण्डराजें करवियलें, श्री गंगराजें सुत्तालें करवियलें.’ चावुंडराजाच्या ओळीचा काळ कोणता याबद्दल विद्वानांत वाद आहे, पण गंगराज बाराव्या शतकाच्या आरंभीचा. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे हे वाक्य भाचीला दाखवले. ती लगेच म्हणाली, "चावुंडराजाने करवले. गंगराजाने… सुत्ताले म्हणजे काय?" अडली ती एका शब्दाशी, आणि तो शब्द कानडी वळणाचा. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतालचे आवार. नऊशे वर्षांपूर्वीचे वाक्य एका शब्दाचा अपवाद वगळता समजले, ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या दिवशी मुलीचा चेहरा खुलला.

त्या आनंदात मी एका रविवारी घरात एक खेळ मांडला. चार कागद घेतले. एकावर ज्ञानेश्वरीच्या काही ओव्या, दुसऱ्यावर लीळाचरित्रातली एक लीळा, तिसऱ्यावर तुकोबांचा अभंग आणि चौथ्यावर शिवकाळातले एक सरकारी पत्र. पत्र मोडीत नव्हे, देवनागरीत उतरवलेले. भाची होतीच, आजींनाही चहाला बोलावले. अभंग दोघींनाही समजला. ज्ञानेश्वरीत आजी पुढे, भाची मागे. इथवर अपेक्षेप्रमाणेच झाले. लीळाचरित्र निघाले तेव्हा मात्र पारडे फिरले. आजी थबकल्या. "हे कधी ऐकलं न्हाई, भाऊ," असे म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला. भाची मात्र अडखळत का होईना अर्ध्याहून अधिक वाचून गेली. कारण लीळाचरित्र हे गद्य आहे. वाक्ये लहान आहेत आणि विषय चालण्याबोलण्याचे, खाण्यापिण्याचे, प्रश्नोत्तरांचे. चौथ्या कागदापाशी दोघीही हरल्या. ‘अजरख्तखाने’, ‘बजानेब’ असल्या फारसी शब्दांच्या रांगेतून मराठी क्रियापद शोधावे लागत होते. गंमत अशी, की चारांतले सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड असे दोन्ही कागद एकाच शतकातले. राज्याभिषेकानंतर शिवाजीमहाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश का करून घेतला, हे त्या पत्राकडे पाहून चटकन पटते.

या खेळातून मला एक गोष्ट शिकता आली. जुनी भाषा समजणे-न समजणे हे केवळ मधल्या वर्षांच्या संख्येवर ठरत नाही. त्या भाषेचा सहवास किती आहे, यावर ते फार अवलंबून असते. आजींना तेराव्या शतकाची मराठी येते असे नव्हे. त्यांना ज्ञानेश्वरी येते. लहानपणापासून कीर्तनात, दिंडीत, शेजघरात ती कानांवर पडली, कोणीतरी अर्थ सांगितला, आणि हळूहळू शब्द ओळखीचे झाले. त्यांनी व्याकरण शिकून हे मिळवले नाही, पण मिळवले हे खरे. आणि एकदा मिळाले ते मुरले.

आता थोडे शब्दांकडे वळू. जुन्या मराठीत आपल्याला तीन प्रकारचे शब्द भेटतात. पहिले, जसेच्या तसे किंवा किंचित रूप बदलून राहिलेले. ‘म्हणौनि’ म्हणजे म्हणून, ‘एऱ्हवीं’ म्हणजे एरवी, ‘दिठी’ म्हणजे दृष्टी. यांच्यात अडचण नाही. दुसरे, अगदी अनोळखी. ‘आघवे’ म्हणजे सगळे, ‘कवण’ म्हणजे कोण, ‘केवीं’ म्हणजे कसे, ‘अळुमाळ’ म्हणजे थोडेसे. यांच्यापाशी आपण थांबतो, विचारतो, कोश उघडतो. म्हणजे हेही निरुपद्रवी.

खरा धोका तिसऱ्या प्रकाराचा. शब्द दिसतो आपलाच, पण अर्थ दुसरा. ज्ञानेश्वरीत ‘पुसणे’ म्हणजे विचारणे. आज शहरात पुसायची असते ती लादी. (घाटावरच्या कितीतरी घरांत ‘त्याला पूस’ म्हणजे अजूनही ‘त्याला विचार’, आणि आपल्याही ‘विचारपूस’ या शब्दात तो अर्थ लपून बसला आहे.) ‘सांडणे’ म्हणजे टाकून देणे, सोडणे, दूध सांडणे नव्हे. ‘वेचणे’ म्हणजे खर्च होणे, फुले गोळा करणे नव्हे. ‘राहिला’ म्हणजे पुष्कळदा ‘थांबला’. ‘मागुता’ म्हणजे पुन्हा. आणि दृष्टांतांच्या माळेत ‘नाना’ हा शब्द आला, की त्याचा अर्थ ‘किंवा’. भाचीने तिथे ‘विविध’ असा अर्थ लावून ओवी पार वाकवली होती. अशा ठिकाणी वाचक अडत नाही, पुढे जातो, आणि समजले असे मानून चुकीचे घेऊन घरी येतो. अजिबात न समजण्यापेक्षा हे अर्धे समजणे अधिक घातक.

जर्मन आणि इंग्रज वाचकांची फसगत अशीच होते. इंग्रजीत ‘डिअर’ म्हणजे आज हरीण, पण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता कोणतेही जनावर. त्याचे जर्मन भावंड ‘टीअर’ अजून प्राणी याच अर्थाने नांदते आहे. मध्ययुगीन जर्मनमध्ये आजच्या ‘आर्बाइट’ या शब्दाचे जुने रूप हालअपेष्टा, कष्ट या अर्थी येते. आज ‘आर्बाइट’ म्हणजे नुसते काम. आपल्याला हे वाचून हसू येईल, पण आपल्या ‘मृग’ शब्दाची कथा तरी वेगळी कुठे आहे? संस्कृतात मृग म्हणजे मुळात रानातले कोणतेही जनावर. म्हणून तर सिंह मृगेंद्र झाला आणि शिकार झाली मृगया. पुढे मृग म्हणजे केवळ हरीण उरले. दोन वेगळ्या भाषांनी, एकमेकींना न विचारता, एकच वाट धरली.

शब्दांहून खोल जाते ते व्याकरण. ज्ञानेश्वरीत ‘कीजे’, ‘बोलिजे’ अशी क्रियापदे पावलोपावली भेटतात. केले जाते, बोलले जाते, असा त्यांचा अर्थ. आज ही रचना मराठीतून गेली असे आपण म्हणतो. पण खरेच गेली का? सकाळी दूधवाल्याला आपण सांगतो, "उद्या एक लिटर पाहिजे." हे ‘पाहिजे’ त्याच कुळातले आहे. आणि समजावून सांगताना दर चार वाक्यांनी आपण जे ‘म्हणजे’ म्हणतो, ते जुने ‘म्हणिजे’, म्हणजे ‘म्हटले जाते’. सातशे वर्षांपूर्वीचे व्याकरण विठ्ठलवाडीच्या फलाटावर रोज बोलले जाते, बोलणाऱ्याला पत्ता नसतो इतकेच. गोव्यातल्या कोंकणी बोलणाऱ्याने तर जुन्या मराठीतले ‘तुवां’ पाहून चकित होऊ नये. तो घरात ‘तुवें’ म्हणतोच. तंजावरच्या मराठी कुटुंबांनीही आपली बोली, मुख्य प्रवाहापासून दूर पडल्यामुळे, काही जुन्या लकबींसह जपली. दूर गेलेले नातलग कधीकधी घरातल्यांपेक्षा जुन्या रीती अधिक सांभाळतात.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. पारायणात आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो ती १२९० सालची अक्षरन् अक्षर तशीच आहे, असे समजू नये. १५८४ साली, म्हणजे ग्रंथानंतर तीनशे वर्षांच्या आत, एकनाथांना ती शुद्ध करावी लागली, इतके अपपाठ तिच्यात शिरले होते. नकलकाराला जुना शब्द कळला नाही की त्याच्या जागी तो कळणारा शब्द घालतो. ही सवय जगभरच्या नकलकारांची. पुढे १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ती संहिता आणि नेहमीची पोथी शेजारी ठेवल्या, की आपल्या ‘समजण्या’तला बराचसा वाटा नाथांच्या आणि नंतरच्या हातांचा आहे, हे ध्यानात येते. सागा आजच्या लेखनपद्धतीत वाचणारा आइसलँडचा माणूस आणि आपण, दोघेही याबाबतीत सारखेच. यात कमीपणा काही नाही. जुना ग्रंथ जिवंत राहतो तो अशाच हातांमुळे.

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? सोप्या मराठीत अनुवाद आहेत, ते वाचावेत. जरूर वाचावेत. चालायला शिकताना पांगुळगाडा लागतोच. पण तेराव्या शतकात हे ग्रंथ मराठीत का झाले, ते विसरू नये. महानुभावांच्या परंपरेत सांगतात, की नागदेवाचार्यांनी आपल्या विद्वान शिष्याला संस्कृतात लिहिण्यापासून रोखले, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकल्या असत्या. म्हणजे ही मराठी वापरलीच गेली ती घरातल्या आजीला कळावे म्हणून. आज आजीला कळते आणि नातीला कळत नाही, ही उलटी गंगा आहे. आणि आजी काही जन्माला पुरणार नाहीत.

आमच्या शेजारी उल्हासनगर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेले गाव. तिथल्या एका परिचित गृहस्थांकडे वडिलांनी सिंधमधून आणलेला शाह अब्दुल लतीफ यांच्या काव्याचा ग्रंथ आहे. ते एकदा म्हणाले, "वडील वाचायचे, मी थोडे वाचतो, मुलगा नुसता कपाळाला लावतो." अरबी वळणाची लिपी मुलाला शिकवायची राहून गेली. आपल्या मोडीचे याहून वेगळे काय झाले? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दप्तरात, दुकानात, घरच्या पत्रात असलेली लिपी दोन पिढ्यांत हातातून गेली, आणि आज पणजोबांचे खरेदीखत वाचायला माणूस शोधत फिरावे लागते. साखळी तुटायला शतके लागत नाहीत. एक पिढी पुरते.

मग करावे काय? अभिजात दर्जाबरोबर योजना येतील, निधी येईल. महानुभावांच्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तिथे संशोधन व्हावेच. पण माझे मागणे साध्या वाचकाचे आहे. जुन्या मराठीचा खास असा जो प्रमाण कोश आपल्यापाशी आहे, डॉ. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ साली निघालेला, तो अतिशय परिश्रमाने केलेला आहे. पण त्यात अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत. जगातल्या अभ्यासकांची त्याने सोय झाली. आता तशाच तोलाचा, अर्थ मराठीत सांगणारा, शाळेच्या कपाटात मावणारा आणि शिक्षकाला परवडणारा कोश निघावा. पानाच्या कडेला कठीण शब्द दिलेल्या, आणि ‘पुसणे’, ‘सांडणे’ अशा फसव्या शब्दांवर खूण केलेल्या आवृत्त्या निघाव्यात. पाठ्यपुस्तकातल्या चार ओव्या परीक्षेतला ‘सरळ अर्थ’ लिहिण्यापुरत्या न राहता वर्गात मोठ्याने म्हटल्या जाव्यात. आणि गावोगावच्या माळकऱ्यांचे वाचन अर्थासह ध्वनिमुद्रित करून ठेवावे. यातले कोणतेही काम अवाढव्य खर्चाचे नाही.

सरकार करील तेव्हा करील. घरात मात्र आजच सुरुवात होऊ शकते. आमच्याकडे आता रविवारी सकाळी आजी येतात. भाची गावी असली तर फोनवर असते. पाच ओव्या, मोठ्याने. आधी आजी अर्थ सांगतात, मग भाची कोशात पाहते. कधी आजींचा अर्थ कोशाशी जुळतो, कधी जुळत नाही, आणि मग चांगला वाद होतो. परवा ‘वेचणे’ आला. भाची काही बोलायच्या आत आजी म्हणाल्या, "वेचलं म्हंजे खर्चलं गं. आमची आई म्हणायची, सगळं आयुष्य वेचलं पोरांपायी." भाचीने कोश उघडलाच नाही. म्हणाली, "मामा, हे तर आपणही म्हणतो की!"